केतकीचा उजवा मागचा पाय

हेमाबाई आगाशे यांना कुणाचा मत्सर वाटत नाही, असं त्या स्वतःच सांगत असत. नारायण पेठेतली बाई स्वतःबद्दल काही सांगते तेव्हा समोरच्यानं फक्त मान हलवायची असते, तशी सगळे हलवत. पण गेला महिनाभर हेमाबाईंच्या पोटात जे दुखत होतं त्याला दुसरं नाव नव्हतं, आणि त्याचं कारण होतं दोन बोटं रुंदीची एक प्लास्टिकची डबी. तिला क्लिकर म्हणतात. दाबली की 'टक्' असा आवाज होतो. पूर्वी जत्रेत पत्र्याचा बेडूक मिळायचा ना, पोट दाबलं की वाजणारा, तसा. ती डबी घेऊन फेब्रुवारीत ओवी घोड्यांच्या क्लबात नोकरीला लागली आणि हेमाबाईंची झोप उडाली.

क्लब वारज्याच्या पुढे, हायवे ओलांडून टेकडीच्या पायथ्याशी. अकरा घोडे, दोन रिंगणं, एक चिंचेचं झाड, आणि शनिवार-रविवारी आपल्या मुलांना हेल्मेटं घालून आणणारे आयटीतले आईबाप. हेमाबाई तिथे चोवीस वर्षं घोडेस्वारी शिकवत होत्या. "टाचा खाली, नजर समोर, आणि चेहरा असा करू नकोस, घोडा घाबरतो," हे त्यांचं वाक्य रिंगणाच्या पार बाहेर ऐकू जाई. ओवी त्यांचीच विद्यार्थिनी. आठ वर्षांची असताना पहिल्या दिवशी घोड्यावरून पडली होती, आणि "माती झटक आणि परत बस, मातीचे पैसे वेगळे पडतात," असं म्हणत हेमाबाईंनीच तिला उचलून पुन्हा खोगिरावर ठेवलं होतं. तीच पोर पुढे प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करायला बाहेर गेली, दोन वर्षं परदेशातल्या कुठल्या तबेल्यात राबली, आणि सव्विसाव्या वर्षी कमरेला गाजराच्या तुकड्यांची पिशवी बांधून परत आली. आली ती थेट केतकीपाशी.

केतकी म्हणजे क्लबातली काठेवाडी घोडी. तांबूस अंग, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकलेली, डोळे मोठे आणि संशयी. आधी ती वरातीत नाचायची. कुठल्याशा लग्नात कुणा उत्साही मामानं तिच्या मागच्या पायाशीच फटाक्यांची माळ लावली, आणि तेव्हापासून उजव्या मागच्या पायाला कुणी हात लावला की केतकी लाथ झाडायची. दर सहा आठवड्यांनी नालबंद खूर साफ करून नाल बसवायला येई तेव्हा क्लबात जणू युद्ध असे. तिच्या वरच्या ओठाला दोरीचा फास घालायचा, फासाचं दांडकं वैजनाथनं पिळून धरायचं, आणि हेमाबाईंनी तिच्या कपाळावर तळहात ठेवून हळू आवाजात बोलत राहायचं. त्या काय बोलत ते कुणालाच कळत नसे, पण केतकी थरथरत का होईना, उभी राही. एवढ्यावर यायला हेमाबाईंना चार वर्षं लागली होती. वैजनाथ हा परळीकडून आलेला मोतद्दार, घोड्यांचं खाणंपिणं-खरारा बघणारा, तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "केतकी फकस्त हेमा मॅडमचं ऐकती." हे वाक्य हेमाबाईंना फार आवडे. अंगावर एखादा जुना, चांगला दागिना असावा तसं ते त्या मिरवत.

ओवीनं केतकीला ना फास लावला ना दोरी. ती चार हात लांब उभी राही. केतकी शांत उभी राहिली की टक्, आणि लगेच गाजर. एक पाऊल जवळ, तरी शांत, टक्, गाजर. मांडीला बोट लागलं, टक्. ढोपरापर्यंत हात गेला, टक्. आवाज म्हणजे 'हे बरोबर केलंस' हा शब्द, आणि गाजर म्हणजे त्या शब्दाला जागणं, असं ती समजावून सांगे.

"एकदा वाजलं की खाऊ द्यायचाच," ओवी सगळ्यांना बजावी. "चुकून वाजलं तरी. खिशात दाबलं गेलं तरी. एकदा जरी फसवलं ना, तर त्या आवाजाला काही किंमत राहत नाही."

"आमच्या वेळी घोड्यांना मराठी कळायचं," हेमाबाई म्हणाल्या.

ओवी हसली. तिला वाटलं, मॅडमनी विनोद केला. तिचं तेच हेमाबाईंना सर्वात खुपे. टोमणा मारावा तर पोरीला लागतच नसे.

दहाव्या दिवशी ओवीनं नुसतं बोट दाखवलं आणि केतकीनं उजवा मागचा पाय स्वतःहून उचलून तिच्या हातात दिला. कुंपणाशी उभ्या दोन आयांनी मोबाइलवर ते टिपलं. वैजनाथच्या हातातली घमेली खाली पडली. हेमाबाई चिंचेखाली उभ्या होत्या. त्यांच्या मनात आलं, चार वर्षं. चार वर्षं मी हिच्या कपाळाला हात लावून उन्हात उभी राहिले, एकदा हिनं माझं बोट मोडलं, ते अजून सरळ होत नाही, आणि ही कालची पोर दहा दिवसांत गाजर दाखवून पाय मागून घेते. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांना ओवीचा राग आला, पण त्याहून जास्त राग केतकीचा आला. नंतर केतकीनं ओवीला लांबून येताना पाहिलं आणि घशातल्या घशात हुंकार दिला. तो हुंकार आजवर फक्त हेमाबाईंसाठी होता. त्या रात्री त्यांनी भाजीत दोनदा मीठ घातलं.

"लग्नाला सत्तावीस वर्षं झाली," त्यांचे यजमान अवधूत ताटावरून म्हणाले, "माझ्यावरून तुला कधी एवढं लागलेलं आठवत नाही."

"तुमच्यावर कुणी गाजर वाया घालवणार नाही, म्हणून," हेमाबाई म्हणाल्या.

क्लबाचे मालक पृथ्वीराज हे भांडण टाळण्यासाठी प्रसिद्ध. पण त्यांनाही आता ठरवावं लागलं. त्यांनी दोघींना ऑफिसात बोलावलं आणि टेबलावरचा पेपरवेट फिरवत सांगितलं, "नालबंद पुढच्या बुधवारी येतोय. फास न लावता चारही पाय झाले, तर केतकी ओवीकडे. तिचं ट्रेनिंग, तिचा खुराक, सगळं ओवी बघेल. नाही झाले, तर आपलं जुनंच बरं. हेमा मॅडम, चालेल ना?"

"न चालायला काय झालं," हेमाबाई म्हणाल्या. बाहेर आल्यावर त्यांना दोन मिनिटं स्कूटरची किल्लीच सापडेना. ती हातातच होती. केतकी गेली की आपल्याकडे काय राहणार, याचा हिशेब करायला फार वेळ लागला नाही. पहिल्या बॅचची रडकी मुलं, आणि हजेरीचं रजिस्टर. केतकी फकस्त हेमा मॅडमचं ऐकती, हे वाक्य पुन्हा कुणी म्हणणार नव्हतं.

त्याच संध्याकाळी ओवीनं क्लबातल्या प्रत्येकाला एकेक डबी वाटली. हेमाबाईंना दिली ती निळी होती. "मॅडम, तुमच्यासाठी मुद्दाम वेगळी आणली," ती म्हणाली. "तुम्ही शिकलात ना, तर माझ्याहून भारी कराल. वेळ साधणं तुमच्याकडूनच शिकलेय मी." हेमाबाईंनी डबी पर्समध्ये, रुमालाखाली टाकली. रात्री पर्समधून औषधाची गोळी काढताना त्यांच्या अंगठ्याखाली ती वाजली. टक्. आणि मग तो विचार त्यांच्या मनात आला. एकदा जरी फसवलं ना, तर त्या आवाजाला काही किंमत राहत नाही.

ओवी सात वाजता येई. गुरुवारी सव्वासहाला हेमाबाई केतकीच्या ठाणाशी उभ्या होत्या. वैजनाथ पलीकडे पाणी भरत होता. त्यांनी डबी काढली आणि दाबली. केतकीचे कान ताडकन पुढे आले. दोन पावलं टाकत ती दाराशी आली आणि तिनं ओठांनी हेमाबाईंचा तळहात चाचपला. तळहात रिकामा होता. केतकीनं वर पाहिलं, पुन्हा चाचपलं, मनगटापर्यंत हुंगलं. हेमाबाईंच्या काळजात चर्र झालं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण लगोलग त्यांना त्या दोन आया आणि त्यांचे मोबाइल आठवले, आणि त्यांनी पुन्हा दाबली. टक्. दहा वेळा वाजवलं, दहा वेळा हात रिकामा ठेवला, आणि मग नळावर जाऊन उगाचच हात धुतले.

शुक्रवारी केतकी आली, पण सावकाश. शनिवारी पाचव्यांदा वाजल्यावर तिनं येणं थांबवलं. रविवारी ती एकदाच आली. सोमवारी नुसता एक कान वळवला. हेमाबाईंना आता वाईट वाटायचं बंद झालं होतं. उलट काम फत्ते होत असल्याचं एक कडवट समाधान त्यांच्या मनात साठत चाललं होतं. त्या निष्णात बाई होत्या. घोड्याला एखादी गोष्ट शिकवायला किती दिवस लागतात आणि विसरायला लावायला किती, हे त्यांच्याइतकं पुण्यात फार कमी जणांना कळत असेल. पोरीचं कसब कसलं आलंय, सगळी करामत त्या डबीची, अशी त्यांची खात्री होती. डबी बाद झाली की पोर बाद.

"मॅडम, तुमी बी शिकायला लागलाव का ते?" मंगळवारी वैजनाथनं बादली खाली ठेवत विचारलं.

"बघते आपलं," हेमाबाई म्हणाल्या. "काय थेरं आहेत ती."

"बरं झालं की," वैजनाथ मनापासून म्हणाला, आणि शेण काढायला गेला.

केतकी ठाणाच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून उभी होती. हेमाबाईंनी वाजवलं. तिनं शेपटीही हलवली नाही.

बुधवारी पहाटेही हेमाबाईंनी दहा वेळा वाजवलं. दहा वाजता नालबंद आले. युसुफचाचा कॅम्पातून स्कूटरवर येत. पुढच्या बाजूला हत्यारांची पेटी, मागे नालांची पिशवी. फास कुठेच दिसेना, तेव्हा ते जागीच थबकले. "आज दोरी नाही? मॅडम, मेरे घुटने का बीमा नहीं है," ते हेमाबाईंना म्हणाले.

"आज नवीन पद्धत आहे, चाचा," हेमाबाई म्हणाल्या. "आपण जुनी माणसं. आपण बाजूला उभं राहायचं." पृथ्वीराज खुर्ची घेऊन चिंचेखाली बसले. हेमाबाई त्यांच्या शेजारी हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. त्यांचं हृदय शाळेतल्या निकालाच्या दिवसासारखं धडधडत होतं. केतकीनं लाथ मारावी, पण चाचांना लागू नये, अशी प्रार्थना त्यांनी मनातल्या मनात केली. देवाकडे इतक्या बारकाव्यानं आजवर त्यांनी काही मागितलं नव्हतं.

ओवीनं केतकीला आणलं. पुढचा डावा पाय झाला, पुढचा उजवा झाला. दर खेपेला टक्, दर खेपेला गाजर. हेमाबाई केतकीच्या कानांकडे बघत राहिल्या. कान पुढे होते. मागचा डावा झाला. हेमाबाईंच्या हाताची घडी सुटली. मग ओवीनं उजव्या मागच्या पायाकडे बोट दाखवलं, केतकीनं पाय उचलला, चाचांनी तो मांडीवर घेतला, कानस चालवली, नाल ठोकला, एकेक खिळा मारला. केतकीनं एकदा मान वळवून चाचांच्या टोपीचा वास घेतला. तेवढंच.

"माशाअल्ला," चाचा कंबर सरळ करत म्हणाले. "बीस साल से मैं घोड़ों की लात खा रहा हूं."

पृथ्वीराज टाळ्या वाजवत उठले. हेमाबाईंना काहीच समजेना. सात दिवस रोज दहा वेळा वाजवलं. आवाज मरायलाच हवा होता. तो मेला कसा नाही? त्या तशाच पुढे झाल्या. कशाला झाल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. चार वर्षांची सवय, नाल ठोकून झाले की केतकीच्या कपाळावर हात ठेवायचा. त्यांनी हात उचलला. केतकीनं मान वर घेतली, एक पाऊल मागे टाकलं, आणि सावकाश वळून सबंध पाठ हेमाबाईंकडे केली. ना फुरफुरणं, ना दात दाखवणं. ओळख नसलेल्या माणसाकडे पाठ फिरवावी तशी.

"अरे, असं काय करतेय ही?" ओवी म्हणाली. "मॅडमपासून लांब का जातेय?"

"न्हाई बा, तसं कसं," वैजनाथ म्हणाला. "मॅडम तर रोज सकाळच्याला वाजवत्यात की तिच्याम्होरं. आठ दिस झाले."

ओवीचा चेहरा फुलला. "मॅडम! खरंच? मला बोलला नाहीत! मग गाजरं कुठून घेत होता? माझ्या डब्यातली तर कमी नाही झाली."

वैजनाथनं आठवून पाहिलं. बिचारा खोटं बोलणारा माणूस नव्हता. "गाजर न्हाई बघितलं म्या," तो म्हणाला. "नुसतंच वाजवत व्हत्या."

चाचा पेटीत हत्यारं ठेवत होते, त्यांचाही हात थांबला. हेमाबाईंच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. सारवासारव करायला एक वाक्य पुरलं असतं. विसरले, घाईत होते, नीट समजलं नव्हतं. पुण्यात अशी वाक्यं प्रत्येकाच्या खिशात असतात. पण केतकीची पाठ समोर होती, आणि तिच्यासमोर खोटं बोलायला त्यांची जीभ रेटेना.

"मुद्दाम केलं," त्या म्हणाल्या. "सात दिवस. रोज दहा वेळा. तुझा आवाज बिघडवायचा होता मला. आज हिनं लाथ मारावी म्हणून."

ओवीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. हेमाबाईंना वाटलं, आता ही रडेल, नाहीतर ओरडेल. ओरडावं, असंच त्यांना वाटत होतं. निदान तेवढी किंमत तरी तिनं द्यावी.

ओवी केतकीकडे बघत राहिली. मग हेमाबाईंच्या हाताकडे. मग पुन्हा केतकीकडे. "मग माझ्याकडे बिघडला कसा नाही?" ती स्वतःशीच म्हणाली. कपाळाला आठी घालून ती विचारात पडली, आणि एकाएकी तिचे डोळे लकाकले. "म्हणजे तिनं आवाज नाही धरला मॅडम! माणूस धरला. आवाज तोच, पण कुणाच्या हातातून येतोय ते ती बघत होती. सत्तर वेळा! हे मला लिहून ठेवायला हवं." आणि तिनं खरोखरच मागच्या खिशातून वही काढली.

हेमाबाई तिथे उभ्या राहिल्या. शिवी खाल्ली असती तर बरं वाटलं असतं. इतकं मोठं पाप केलं आणि पोरीच्या वहीत त्याची एक ओळ झाली. आणि त्या ओळीचा अर्थ त्यांना लगेच कळला. चोवीस वर्षं घोडे शिकवले, आणि आयुष्यातला सर्वात स्वच्छ धडा त्यांनी या सात सकाळी शिकवला होता. या बाईच्या हातात आपल्यासाठी काही नसतं, हा. केतकी तो न चुकता शिकली होती.

"आता ही माझ्याजवळ यायची नाही," हेमाबाई म्हणाल्या.

ओवीनं वही मिटली. ती हेमाबाईंच्या निम्म्या वयाची होती, आणि आता कुठे त्यांच्याकडे नीट बघत होती. ती रागावलेली होती, ते तिच्या ओठांवरून दिसत होतं. "तुम्ही वाजवलंत तर नाही येणार," ती म्हणाली. "इतक्यात तर नाहीच." मग कमरेची पिशवी सोडून तिनं ती हेमाबाईंच्या हातात दिली. "मी वाजवते. गाजर तुम्ही द्या. वाकू नका, हात लांब करू नका, नुसत्या उभ्या राहा."

पृथ्वीराज काही बोलायच्या बेतात होते, पण त्यांनी विचार बदलला आणि चाचांना चहाला घेऊन गेले. हेमाबाईंनी तळहातावर गाजराचा तुकडा ठेवला. केतकी पाठ करूनच उभी होती. बराच वेळ गेला. मग तिचा एक कान मागे वळला.

टक्, ओवीनं वाजवलं.

केतकीनं मान फिरवली. तिनं ओवीकडे पाहिलं, ओवीचे हात रिकामे होते. मग हेमाबाईंकडे पाहिलं, नको असल्यासारखं. पण आवाज ओवीचा होता, आणि ओवीच्या आवाजामागे गाजर असतंच. ती वळली, दोन पावलं आली, मान जितकी लांब करता येईल तितकी लांब केली, आणि पाय मागेच ठेवून तिनं तो तुकडा उचलला. ओठ तळहाताला जेमतेम लागले. लगेच ती मागे सरली आणि ओवीकडे बघत चावू लागली.

हेमाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. केतकी त्यांच्यासाठी आली नव्हती, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. त्यांच्या हातावरची ती ओठांची ओल दुसरीच्या नावावरची होती. पोटातलं ते दुखणंही गेलं नव्हतं. जिथे होतं तिथेच होतं, आणि आता तर ते घेऊनच उभं राहायचं होतं. त्यांनी पिशवीतून दुसरा तुकडा काढला, तळहातावर ठेवला, आणि नाक ओढत, ओवीकडे न बघता म्हणाल्या, "वाजव अजून एकदा."